सुपरमॅनची मिशी आणि उंटावरचे शहाणे

२०१७ सालच्या ‘जस्टिस लीग’चं पहिलं मिनिट नीट बघा. पोरं मोबाइलवर सुपरमॅनची मुलाखत घेतायत, असं दृश्य आहे. तो हसतो, बोलतो. बाकी सगळं सोडा आणि त्याच्या नाकाच्या नि ओठाच्या मधल्या जागेवर नजर ठेवा. तोंड हलतं, गाल हलतात, ती जागा हलत नाही. वरचा ओठ भलताच आखूड झालाय, हसू एकीकडे सरकलंय, आणि कातडीवर जी घडी पडायला हवी तिचा पत्ता नाही. ज्या चित्रपटावर तीस कोटी डॉलरच्या घरात खर्च झाल्याचं सांगतात, त्यात जगातल्या सगळ्यात ओळखीच्या सुपरहिरोचा चेहरा पहिल्याच मिनिटाला खोटा! आणि हे दृश्य अगदी सुरुवातीला ठेवलंय. जे लपवायचं तेच दारात मांडायचं, इतकी अक्कल एका वेळी किती जणांनी मिळून गमावली असेल?

त्या ओठावर मिशी होती. हेन्री कॅव्हिल तेव्हा पॅरामाउंटसाठी ‘मिशन: इम्पॉसिबल – फॉलआउट’ करत होता आणि त्या भूमिकेला भरघोस मिशी होती. इकडे वॉर्नर ब्रदर्सला आयत्या वेळी ‘जस्टिस लीग’ नव्याने चित्रित करायची हुक्की आली. कॅव्हिलला बोलावणं गेलं. पॅरामाउंटने साफ सांगितलं, मिशीला वस्तरा लागणार नाही. का लागू द्यावा? त्यांचं शूटिंग चालू होतं. मग वॉर्नरने मिशीवाला सुपरमॅन चित्रित केला आणि ती मिशी संगणकावर एकेक फ्रेम करत पुसली. मिशी पुसली तर खाली ओठ कुठे होता? मग ओठही संगणकावरच घडवला. घाई अशी की तो धड घडवायलाही वेळ उरला नाही.

लोक हसले, अजून हसतात, हसायलाच हवं. पण मी त्या ओठाकडे पुरावा म्हणून बघतो. आयत्या वेळच्या ढवळाढवळीचा माग असाच राहतो. दोन वर्षं आधी, २०१५ मध्ये, फॉक्सच्या ‘फँटास्टिक फोर’मध्ये नायिका केट माराच्या डोक्यावर मधेच एक टोप येतो, पुढच्या दृश्यात जातो, पुन्हा येतो. मूळ शूटिंग झालं, तिने दुसऱ्या कामासाठी केस कापले, आणि नंतर स्टुडिओने दृश्यं पुन्हा करायला लावली. कुठली दृश्यं दिग्दर्शकाची आणि कुठली घाबरलेल्या कंपनीची, हे कळायला समीक्षक लागत नाही, केस बघितले की झालं. दिग्दर्शक जॉश ट्रँकने प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ट्वीट केलं की वर्षभरापूर्वी त्याच्याकडे याची उत्तम आवृत्ती होती, ती आता कुणाला दिसणार नाही. ट्वीट पुसलं गेलं. टोप तसाच राहिला. बारा कोटी डॉलरच्या चित्रपटाने जगभरात मिळवले सतरा कोटींच्या आत. जाहिरातीचा खर्च आणि थिएटरवाल्यांचा वाटा वजा करा आणि काय उरतं ते बघा.

‘सिनेमॅटिक विश्व’, ‘ब्रँडची दृष्टी’, ‘प्रेक्षक-संशोधन’ असले जडजंबाल शब्द या कंपन्यांच्या तोंडी सदा असतात. त्या सगळ्या तत्त्वज्ञानातून पडद्यावर उतरलं काय, तर एक पुसलेली मिशी आणि एक टोप.

मूर्खपणाबद्दल माझी फार तक्रार नाही. मूर्खपणा कोणाच्याही हातून होतो. माझी तक्रार नामानिराळं राहण्याबद्दल आहे. ‘जस्टिस लीग’ दोन तासांतच संपवा हे कोणी सांगितलं, तारीख हलणार नाही हे कोणी ठरवलं, सायबॉर्गची गोष्ट कापा हे कोणाच्या तोंडून निघालं, यातलं काहीही पडद्यावर लिहिलेलं नाही. लिहिलंय ते एवढंच: दिग्दर्शक झॅक स्नायडर. ज्याने चित्रपट पुरा केला नाही, शेवटचे बदल ठरवले नाहीत, आणि ज्याने तो आजवर पाहिलाच नाही असं सांगितलंय, त्याच्या नावावर हे बाळ खपवलं. पत्नी डेबोरा आणि मित्र ख्रिस्तोफर नोलन यांनी पाहून त्याला बजावलं, तू हे बघू नकोस. करून गेला गाव आणि कांदळगावचं नाव.

हे झालं कसं? मार्च २०१६ मध्ये स्नायडरचा ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ आला. समीक्षकांनी झोडपला. जगभरात ८७ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमला, तरी वॉर्नरच्या मंडळींची झोप उडाली, कारण त्यांच्या डोक्यात मार्व्हलचे आकडे घुमत होते. ‘जस्टिस लीग’चं शूटिंग पुढच्याच महिन्यात सुरू व्हायचं होतं. पटकथा मंजूर, कपडे तयार, नट बांधलेले. घाबरायचं होतं तर तेव्हाच थांबायचं. थांबले नाहीत. शूटिंग चालू ठेवलं आणि घाबरणंही चालू ठेवलं.

त्याच उन्हाळ्यात या भीतीने ‘सुइसाइड स्क्वाड’चं काय केलं ते विसरू नका, कारण असला अजब प्रकार हॉलिवूडमध्येही विरळा. डेव्हिड आयरने एक गंभीर, उदास चित्रपट केला होता. जानेवारीत त्याचा एक ट्रेलर आला, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्यावर कापलेला, चटपटीत. लोकांना तो बेहद्द आवडला. आता साधा विचार करणारा माणूस म्हणेल, वा, जाहिरात जमली. वॉर्नरने विचार केला, ट्रेलर आवडला ना, मग चित्रपटच ट्रेलरसारखा करू! आणि ट्रेलर बनवणाऱ्या ‘ट्रेलर पार्क’ नावाच्या कंपनीला चित्रपटाच्या संकलनाला बसवलं. दोन वेगळ्या आवृत्त्या झाल्या, दोन्ही प्रेक्षकांना दाखवून पाहिल्या, आणि शेवटी दोन्हींची मोट बांधून एकच आवृत्ती ऑगस्टमध्ये थिएटरात सोडली. सुरुवातीच्या अर्ध्या तासात गाण्यामागून गाणी कोसळतात, एकही दोन मिनिटं टिकत नाही, पात्रांची ओळख दोन-दोनदा करून दिली जाते. लोकांना दोन तासांचा ट्रेलर बघायला बसवलं. आयरने २०२१ मध्ये जाहीर पत्र लिहून सांगितलं की थिएटरातली आवृत्ती माझी नाही. पण नाव? नाव त्याचंच.

आता पुन्हा ‘जस्टिस लीग’. मार्च २०१७ मध्ये स्नायडरची मुलगी ऑटम गेली. वीस वर्षांची पोर. तो काही आठवडे कामाला चिकटून राहिला, मे महिन्यात बाजूला झाला. त्याच्या बाजूला होण्यावर कोणाही माणसाचा आक्षेप असू शकत नाही. कंपनीपुढे अशा वेळी सरळ रस्ता होता: तारीख पुढे ढकला, माणसाला सावरू द्या. नोव्हेंबर २०१७ ही तारीख काही ब्रह्मदेवाने कपाळी लिहिली नव्हती. पण ती हलली नाही. वॉर्नरच्या मालक कंपनीला, टाइम वॉर्नरला, तेव्हा एटी अँड टी विकत घेत होती. विलीनीकरणाआधी वरिष्ठांचे बोनस पदरात पडावेत म्हणून तारीख धरून ठेवली, असं हॉलिवूडच्या पत्रकारांनी तेव्हाच छापलं. यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. तारीख मात्र हलली नाही, आणि मिशी वाढायला-कापायला जो वेळ लागला असता तोही मिळाला नाही.

स्नायडरच्या जागी कोण, तर जॉस व्हेडन. मार्व्हलच्या पहिल्या दोन ‘अव्हेंजर्स’चा दिग्दर्शक. चार वर्षं वॉर्नरने जगाला सांगितलं की आम्ही मार्व्हलसारखे नाही. आमचे सुपरहिरो गंभीर, पुराणपुरुषासारखे, आमचा सुपरमॅन दुःख वाहणारा. याच भूमिकेतून २०१३ पासून स्नायडरच्या हाती किल्ल्या दिल्या. आणि आयत्या वेळी काय केलं? मार्व्हलचाच माणूस आणला आणि सांगितलं, विनोद घाल. स्वतःच्या भूमिकेवर इतका विश्वास असलेल्या माणसांनी वर्षानुवर्षांचे आराखडे जाहीर करावेत, याला काय म्हणावं?

व्हेडनने विनोद घातले. त्याच्याच दुसऱ्या ‘अव्हेंजर्स’मध्ये, ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये, ब्रूस बॅनर नताशाच्या छातीवर तोंड आपटून पडतो, इथे फ्लॅश वंडर वूमनच्या अंगावर तसाच पडतो. पाच महिन्यांपूर्वी, त्याच वर्षी, पॅटी जेंकिन्सच्या ‘वंडर वूमन’मध्ये याच बाईने युद्धभूमी ओलांडताना थिएटरातल्या पोरींच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं. तिला इथे पडायची गादी केली. टॉम होल्कनबोर्गचं संगीत काढून टाकलं, डॅनी एल्फमनला आणलं. मूळ गोष्टीतला महाखलनायक डार्कसाइड उडवला. एक रशियन कुटुंब कुठूनसं उपटलं, ज्याचा गोष्टीशी काडीचाही संबंध नाही, पण जे वाचवल्याशिवाय आपले हिरो माणुसकीचे आहेत हे प्रेक्षकाला कळणार नाही अशी कोणाला तरी शंका आली.

आणि कापलं काय? इथे मला हसू येत नाही. सायबॉर्ग, म्हणजे व्हिक्टर स्टोन, ही स्नायडरच्या चित्रपटाची नाळ होती. अपघातात आई गेलेली, बापाने अर्धं शरीर यंत्राचं करून जगवलेला मुलगा, बापावर रागावलेला. शेवटी तो बाप, सायलस, शत्रूच्या पेटीचा माग काढता यावा म्हणून लेझरखाली स्वतःला जाळून घेतो, मुलाच्या डोळ्यांदेखत. थिएटरातल्या आवृत्तीत हे नाही. बाप जिवंत राहतो, मुलाचा राग का होता ते धड कळत नाही. आईची भूमिका करणारी कॅरन ब्रायसन उडाली. आयरिस वेस्ट झालेली कियर्सी क्लेमन्स उडाली. शास्त्रज्ञ रायन चॉय झालेला झेंग काई उडाला. कात्री कोणाकोणावर चालली त्यांचे चेहरे ओळीने मांडा. हेतू काय होता ते बाजूला ठेवू, परिणाम डोळ्यांसमोर आहे: कृष्णवर्णीय घराची गोष्ट बाहेर, उपऱ्या रशियन घराची गोष्ट आत.

ज्याची गोष्ट कापली त्या सायबॉर्गच्या, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या रे फिशरच्या, तोंडी काय द्यायचं यावर मात्र खल झाला. कार्टून मालिकेतला सायबॉर्ग ‘बूया!’ ओरडतो, म्हणून यानेही ओरडावं. फिशरला ते नको होतं. आईबापाच्या शोकातून उभा केलेला माणूस, त्याला घोषवाक्य कशाला? वरून रेटा आला. ते ‘बूया’ चित्रपटात आहे. माणसाचा बाप काढून घेतला आणि हातावर खेळण्याच्या जाहिरातीतला एक शब्द ठेवला!

जुलै २०२० मध्ये फिशरने व्हेडनच्या सेटवरच्या वागणुकीबद्दल आणि त्याला पाठीशी घालणाऱ्या वरिष्ठांबद्दल जाहीरपणे तोंड उघडलं. व्हेडनने पुढे आरोप नाकारले. वॉर्नरमीडियाने चौकशी लावली आणि डिसेंबरात कळवलं की चौकशी संपली, उपाययोजना केली. काय उपाययोजना? कोणावर? कशाबद्दल? एक नाव नाही, एक तपशील नाही. बघा, नामानिराळं राहण्याची सवय किती मुरलेली आहे.

चित्रपट बरोबर एकशेवीस मिनिटांचा झाला. दोन तासांचं हे फर्मान तेव्हाचे प्रमुख केविन त्सुजिहारा यांचं, असं सर्वत्र छापून आलंय. हेतू असा की दिवसाला खेळ जास्त लागतील. खेळ लागले, माणसं लागली नाहीत. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत ९ कोटी ४० लाख डॉलरही झाले नाहीत. ज्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मुळे घाबरले होते त्याने तीन दिवसांत १६ कोटी ६० लाख केले होते. जगभरची बेरीज ६६ कोटींच्या आसपास थांबली. जे ८७ कोटी बघून घाबरले होते त्यांनी भीतीपोटी २१ कोटी घालवले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आता कोणी म्हणेल, पैसा त्यांचा, त्यांना बोलायचा हक्क नाही का? आहे. शंभर टक्के आहे. निर्मात्याने पटकथा वाचावी, नको म्हणावं, बजेट कापावं, दिग्दर्शक बदलावा, सगळं शूटिंगच्या आधी करावं. आयत्या वेळचा बदल प्रत्येक वेळी वाईटच असतो असंही नाही. ‘रोग वन’चा शेवट टोनी गिलरॉयने येऊन बदलला आणि तो चांगला झाला. पण तिथे एका माणसाला काय हवं ते ठाऊक होतं. समितीला काय नको तेवढंच ठाऊक असतं. ‘वंडर वूमन’चंच घ्या. खंदकातून शिडी चढून नायिका एकटी नो मॅन्स लँडमध्ये उतरते ते दृश्य आज ज्याला त्याला आठवतं. त्याच दृश्याबद्दल शंका होत्या: समोर खलनायक नाही, ती लढणार कोणाशी, नुसत्या गोळ्या अडवणार? जेंकिन्सला एकेक चौकट काढून समजावावं लागलं, तेव्हा ते राहिलं. आणि शेवटची युद्धदेवाशी आगडोंबाची मारामारी, ज्यात चित्रपटाची हवाच जाते? ती स्टुडिओला हवी होती, असं जेंकिन्सने नंतर सांगितलंय. एकाच चित्रपटात दोन्ही नमुने. कोणता भाग कोणाचा हे बघणाऱ्याला न सांगता कळतं.

त्याच वॉर्नरने २०१९ मध्ये टॉड फिलिप्सला छोट्या बजेटमध्ये ‘जोकर’ करू दिला आणि फार ढवळलं नाही. शंभर कोटी डॉलरच्या वर कमाई. मग २०२४ मध्ये ‘जोकर’चा दुसरा भाग, वीस कोटींच्या घरात बजेट, दिग्दर्शकाला मोकळं रान, आणि तो सपशेल आपटला. बरोबर, मोकळीक दिली म्हणून चित्रपट चांगलाच होतो असं नाही. पण शिव्या कोणाला द्यायच्या ते त्या वेळी प्रत्येकाला माहीत होतं. फिलिप्सचा चित्रपट, फिलिप्सने पाडला. एवढी स्वच्छ हार मला पन्नास पुसलेल्या मिश्यांपेक्षा प्यारी आहे.

सुपरमॅनला हा रोग जुना आहे. रिचर्ड डॉनरने सत्तरच्या दशकात पहिला ‘सुपरमॅन’ आणि दुसऱ्याचा मोठा भाग एकाच वेळी चित्रित केला. पहिला तुफान चालला, तरी निर्माते साल्काइंड यांनी डॉनरला काढलं आणि रिचर्ड लेस्टरला आणलं. दिग्दर्शक म्हणून नाव लावायचं तर पुरेसा भाग त्याने स्वतः चित्रित केलेला हवा, म्हणून झालेली दृश्यं पुन्हा केली. पंचवीस वर्षांनी, २००६ मध्ये, डॉनरची आवृत्ती बाजारात आणून तीही विकली. आणि दिग्दर्शकाला आपला हात झटकायचा असेल तर काय? अमेरिकन दिग्दर्शकांच्या संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यासाठी एक बनावट नाव तयार केलं होतं, ॲलन स्मिथी. २००० साली तेही निवृत्त केलं. कंपनीच्या अधिकाऱ्याला असलं नाव कधी लागलंच नाही. त्याचं खरं नावही पडद्यावर नसतं, खोटं कशाला लागेल?

या सगळ्याची किंमत दिग्दर्शकापुरती असती तर मी इतका चिडलो नसतो. त्यांना बरे पैसे मिळतात. चिडायचं कारण आपल्या जवळ आहे, गोरेगाव-मालाडला, हैदराबादला, बंगळुरूला. हॉलिवूडच्या चित्रपटांच्या संगणकी दृश्यकरामतींची, म्हणजे व्हीएफएक्सची, रोटो, पेंट, कॉम्पोझिटिंग असली कामं करणारी हजारो पोरं आपल्या शहरांत बसतात. व्हीएफएक्सचं काम बहुतेक ठरल्या रकमेवर घेतलं जातं. शॉट किती, पैसे किती, तारीख कोणती. मग वरून निरोप येतो: आकाशाचा रंग बदला, खलनायकाचं चिलखत बदला, शेवट बदला. रक्कम तीच राहते. तारीख तर राहतेच. जो फरक पडतो तो कोणाच्या तरी झोपेत पडतो. ओठ वाकडा दिसला म्हणून आपण हसलो. तो ओठ ज्यांनी रात्री जागून काढला त्यांना पुरेसे आठवडे मिळाले असते तर आपल्याला मिशी होती हे कळलंही नसतं. हे लोक कसबी आहेत. त्यांचं कसब घाईत मारलं गेलं आणि फजिती त्यांच्या माथी आली. २०१३ मध्ये ‘लाइफ ऑफ पाय’चा वाघ घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूजने ऑस्कर मिळायच्या जेमतेम दोन आठवडे आधी दिवाळखोरी जाहीर केली, त्यांची कार्यालयं मुंबई-हैदराबादलाही होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर कोसळली आणि बंगळुरू-मुंबईतले हजारो कलाकार एका फटक्यात घरी बसले. दोन्हींमागे कारणं अनेक आहेत. पण फुकटच्या बदलांचा भार सोसून या धंद्यात कोणाच्याच गाठीला काही उरत नाही, हे त्या धंद्यातला कोणीही सांगेल. मार्व्हलच्या व्हीएफएक्स कामगारांनी २०२३ मध्ये एकमताने युनियन केली ती उगाच नाही.

‘जस्टिस लीग’चा पुढचा अध्याय तुम्हाला ठाऊकच आहे. चाहत्यांनी तीन वर्षं धोशा लावला, मूळ आवृत्ती दाखवा. त्यात शिवीगाळ करणारे होते, खोटी खातीही होती असं ‘रोलिंग स्टोन’ने पुढे छापलं, आणि आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या संस्थेला पाच लाख डॉलरच्या वर निधी जमवून देणारेही त्यातच होते. वॉर्नर म्हणत राहिली, तसली आवृत्ती वगैरे काही नाही. मग एचबीओ मॅक्स सुरू झालं, दाखवायला मोठं काही हवं होतं, आणि जी आवृत्ती नव्हती ती सापडली! सुमारे सात कोटी डॉलर आणखी ओतले आणि १८ मार्च २०२१ रोजी चार तास दोन मिनिटांचा चित्रपट आला. बैल गेला आणि झोपा केला, तोही पुन्हा पैसे मोजून. मी स्नायडरचा भक्त नाही. चार तासांत मंदगतीचा अतिरेक आहे, शेवट संपता संपत नाही. पण तो चित्रपट एका माणसाचा आहे. सायलस स्टोन जळतो तेव्हा व्हिक्टरचा चेहरा दिसतो, आणि तो चेहरा खरा आहे. शेवटी मुलीच्या नावाने अर्पण केलंय.

यातून कंपनी शहाणी झाली असेल असं वाटत असेल तर ‘बॅटगर्ल’ आठवा. ऑगस्ट २०२२. ग्लासगोमध्ये चित्रित झालेला, सुमारे नऊ कोटी डॉलर खर्चलेला, मायकल कीटन आणि ब्रेंडन फ्रेझर असलेला चित्रपट नव्या मालकांनी कायमचा गुंडाळला. खर्च करात वजा दाखवता येतो म्हणून. दिग्दर्शक अदिल एल अरबी आणि बिलाल फल्ला तेव्हा अदिलच्या लग्नासाठी मोरोक्कोत होते. निदान मोबाइलवर टिपून ठेवावा म्हणून सर्व्हर उघडायला गेले, तर त्यांना दार बंद झालेलं. बदल सांगायचीही तसदी नाही. एका माणसाने एक आकडा इकडून तिकडे केला आणि शेकडो माणसांचं काम कपाटात गेलं.

आपण आपल्या सेन्सॉर बोर्डाला ऊठसूट शिव्या घालतो, आणि घालायलाच हव्यात. जुलै २०२५ मध्ये जेम्स गनच्या ‘सुपरमॅन’मधलं चुंबन त्यांनी तेहेतीस सेकंदांनी कापलं, हा खुळचटपणाच होता. पण किती सेकंद कापले ते आपल्याला कळलं. कारण बोर्डाच्या प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात काय कापलं ते लिहावं लागतं आणि खाली सही करावी लागते. खुळचट माणूसही तिथे सहीनिशी खुळचट असतो, त्याला आपण जाब विचारू शकतो, त्याच्याविरुद्ध कोर्टात जाऊ शकतो. जगातल्या सगळ्यात श्रीमंत चित्रपट कंपन्या एवढंही करत नाहीत.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. प्रत्येक मोठ्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत, केटरिंगवाल्याच्या आणि ड्रायव्हरच्या नावांच्या वर, एक पाटी लावा: शूटिंग संपल्यानंतर कोणते बदल झाले, किती मिनिटं कापली, किती नव्याने चित्रित केली, आणि हे ज्याने सांगितलं त्याचं पूर्ण नाव आणि हुद्दा. बदल चांगला ठरला तर टाळ्या त्याच्या. वाईट ठरला तर ओठ कोणी वाकडा केला हे आम्हाला कळू द्या. आणि तुम्ही, वाचक, पुढच्या वेळी एखादा सुपरहिरोपट मधेच तुटका, घाईचा, दोन मनांचा वाटला, तर दिग्दर्शकाला शिव्या घालण्याआधी एकदा विचारा की कंपनीच्या प्रमुखाच्या खुर्चीत तेव्हा कोण बसलं होतं. ते नाव शोधायला पाच मिनिटं लागतात. शोधा आणि लक्षात ठेवा.